तीन किलोंचं बाळंतपण

भिलाईच्या प्लांटमधली माझी नोकरी तीन किलोंसाठी अडली होती. लेखी परीक्षेत पास झालो होतो, मुलाखतही बरी गेली होती. प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा होती आणि तिथे जे काय तपासायचं असतं त्याची पुस्तकं मी आधीच वाचायला घेतली होती. मग मेडिकलच्या दिवशी वजनकाट्यावर उभा राहिलो आणि काटा जिथे यायला हवा होता त्याच्या तीन किलो अलीकडेच थांबला. कंपाउंडरने मला उतरवून पुन्हा चढवलं, बहुधा दया येऊन. काट्याला दया आली नाही.

थोड्या दिवसांनी घरी चिठ्ठी आली. उमेदवार तूर्त अपात्र, एक महिन्यानंतर पुन्हा तपासणी, तेव्हाही वजन भरलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं जाईल. चिठ्ठी इंग्रजीत होती. मी ती मराठीत करून आईवडिलांना वाचून दाखवली आणि 'तूर्त' या शब्दावर जमेल तेवढा जोर दिला.

वडील प्लांटमध्ये खलाशी होते, म्हणजे वजनं उचलणं, साखळ्या ओढणं, यंत्रं हलवणं हे त्यांचं काम. सही करण्यापुरतं लिहायला येत होतं. आईला तेही नव्हतं. आमच्या भंडाऱ्याकडच्या सगळ्या गणगोतात बी.एस्सी. झालेला मी पहिला. मॅट्रिकपर्यंत मामाकडे राहून तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढे दुर्गच्या कॉलेजात. या शिक्षणासाठी दोघांनी काय काय सोडलं ते मला माहीत होतं. दीड वर्षात वडील निवृत्त होणार होते आणि आम्ही राहत होतो ते दोन खोल्यांचं क्वार्टर प्लांटचं होतं. मी लागलो तर क्वार्टर राहणार, नाही तर भांडी बांधून गावाकडे. हे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण त्या दिवसापासून आई माझ्या मनगटाकडे बघायला लागली.

आईचं औषधांचं दुकान बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होतं. ओवा, सुंठेची पूड, हिरड्याची पूड, मुरडशेंग, वेखंड, पिंपळी, सगळं वडिलांच्या जुन्या खाकी युनिफॉर्मच्या चिंध्यांत बांधलेलं. पुरचुंड्या दिसायला सारख्याच, पण ओव्याला एक गाठ, सुंठेला दोन, हिरड्याला तीन, असा तिचा हिशेब होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला हे फार अशास्त्रीय वाटलं. मी सगळ्या चिंध्या सोडल्या, औषधं काचेच्या बाटल्यांत भरली आणि प्रत्येक बाटलीवर लॅटिन नावाचं लेबल चिकटवलं. त्याच आठवड्यात घरात सगळ्यांना पडसं झालं. आईचंही नाक बंद, त्यामुळे वास येईना, आणि लेबल तर वाचता येत नव्हतंच. सुंठेच्या जागी वडिलांना हिरडा गेला. त्या पाळीत त्यांना चार वेळा काम सोडून जावं लागलं. फोरमनने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मुलगा कॉलेजात शिकून राहिला आहे. दुसऱ्या दिवशी पुरचुंड्या परत डब्यात होत्या आणि बाटल्यांत लोणचं.

तरीसुद्धा वजनाच्या बाबतीत आईने प्रथम मलाच विचारलं. तिच्या माहेरी अशक्त माणसाला दुधातून आस्कंद द्यायचे. ते भिलाईत कुठे मिळेल? मी म्हणालो, आस्कंद म्हणजे विथानिया सोम्निफेरा, आम्हाला प्रॅक्टिकलला होतं. ती म्हणाली, ते खरं, पर भेटते कुठं? ते काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. दोन किराणा दुकानांत विचारलं. एकाने हिंग दाखवला, दुसऱ्याने अगरबत्ती.

शेवटी आम्ही कोहक्याच्या बाजारात गेलो. तिथे एक म्हातारी गोणपाट पसरून मुळ्या, साली आणि वाळलेली पानं विकत असे. मी सायकल धरून लांब चिंचेखाली उभा राहिलो. पदवीधर माणसाने झाडपाल्याच्या ढिगासमोर उकिडवं बसावं हे मला बरं वाटेना. आता वाटतं, त्या दिवशी मी दहा पावलं पुढे गेलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मग वजनही वाढलं नसतं.

आई भारावून परत आली. हातात मोठी पुरचुंडी होती.

"लय जाणती बाई हाय ते," ती म्हणाली. "मी काही सांगाच्या आंधीच तिनं इचारलं, लडक्याची चिठ्ठी हाय का म्हणून. मी म्हणलं, हाव."

मग त्या म्हातारीने विचारलं, किती दिवस झाले. आईने सांगितलं, आज पाचवा. खरंच चिठ्ठी येऊन पाच दिवस झाले होते. मग विचारलं, दूध पितो का. आई म्हणाली, दोन वेळ पितो पण अंगाला लागत नाही. आणि वजन? वजन फार कमी आहे, त्याचाच तर घोर लागला आहे. हे ऐकून म्हातारीने आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, काळजी करू नको, सगळं नीट होईल. मग एकेक मुळी निवडून दिली आणि ती कशी द्यायची ते दोन-दोनदा समजावलं. आस्कंदाचं नाव मात्र तिला कळलं नाही. आई म्हणाली, न का कळेना, तिच्याजवळ त्याच्याहून भारी आहे.

मी विचारलं, तिला चिठ्ठीचं कसं काय कळलं? आईचं म्हणणं, आईच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, वाचणारा पाहिजे. मी विज्ञानाचा पदवीधर असल्यामुळे म्हणालो, योगायोग.

औषध असं होतं. कांके नावाच्या एका झाडाची साल उकळून, त्यात सुंठ, पिंपळी आणि गूळ घालून लालसर पाणी करायचं आणि तहान लागली की साध्या पाण्याऐवजी तेच प्यायचं. सुंठ, तीळ, गूळ, खोबरं आणि भरपूर तूप घालून लाडू करायचे, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. थंड पाण्याला हात लावायचा नाही. वाऱ्यात जायचं नाही. डोक्याला आणि कानांना फडकं बांधून ठेवायचं. आणि खाटेखाली गोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवून अंग शेकायचं.

फाल्गुन चालू होता. भिलाईत त्या दिवसांत दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागतं. मी कानांवर टॉवेल बांधून, खिडकी लावून, निखाऱ्यांवरच्या खाटेवर बसून धातूंच्या पृथक्करणाचं पुस्तक वाचत असे. घाम गळायचा. घामाने वजन कमी होत असेल अशी शंका मी काढली तेव्हा आई म्हणाली की घामातून कमजोरी जाते, वजन नाही. वडील पाळीवरून आले की दारातून आत डोकवायचे. भट्टीजवळ उभं राहून आलेला माणूस, त्यांच्या अंगातून अजून वाफ निघत असायची. एकदा ते म्हणाले, प्लांटवाल्यांना सांगायला पाहिजे, कोळसा वाया घालवू नका, आमच्या घरी माणूस तापवायची सोय आहे.

वजनाची गोष्ट आईने ब्लॉकमध्ये कोणाला सांगितली नव्हती. पोरगा शिकला पण भरला नाही, हे तिला फार लागलं होतं. शेजारी छत्तीसगढी कुटुंब होतं. आमच्या आणि त्यांच्या परसात कमरेएवढी भिंत. त्या घरातल्या बाईंना मी काकी म्हणायचो. त्या लग्नासाठी त्यांच्या गावी गेल्या होत्या, म्हणून पहिले आठ दिवस कोणाला काही कळलं नाही. नवव्या दिवशी त्या परत आल्या, परसात उभ्या राहिल्या आणि आमच्या चुलीवरचा कांकेचा वास त्यांच्या नाकात गेला.

आता छत्तीसगढी बाईला तो वास आला की दुसरं काही सुचत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक. त्यात आमची खिडकी बंद, खाटेखालच्या शेगडीचा धूर, तुपाचा वास. माझी एक थोरली बहीण होती, तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. काकींनी जे समजायचं ते समजून घेतलं. संध्याकाळी त्या ब्लॉकमधल्या आणखी दोन बायकांना घेऊन आमच्या दारात आल्या. सुपात तांदूळ, नारळ आणि काळा दोरा. चेहऱ्यावर थोडा रुसवा.

आई हिंदीत अडखळत बोलायची आणि काकी छत्तीसगढीत भरभर. एरवी दोघींचं त्यावाचून काही अडत नसे. काकींनी विचारलं, लइका कुठे आहे? मुलाला छत्तीसगढीत लइका म्हणतात एवढं आईला येत होतं. ती म्हणाली, अंदर सोया है. कसा आहे? आता ठीक आहे, काल जरा पोट दुखलं होतं. बायकांनी माना हलवल्या, पोट तर दुखतंच. मग काकींनी विचारलं, "अउ महतारी कइसे हे?"

महतारी म्हणजे आई. माझी आई पदर सावरत म्हणाली, मला काय झालं आहे, मी ठणठणीत, सकाळीच दोन बादल्या धुणं धुतलं.

मी आतून हे ऐकत होतो आणि मला त्यात काही चूक वाटली नाही. नंतर काकींनी सांगितलं की त्यांनी त्या क्षणी आईला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आईचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होतं. दोन्ही बायका काकींच्या मागे सरकल्या. शेवटी आईनेच त्यांना आत नेलं.

दारात तिघी उभ्या राहिल्या. समोर खाटेवर मी. मिशा फुटलेल्या, कानांवर टॉवेल, मांडीवर पुस्तक, हातात अर्धा लाडू, खाटेखाली निखारे. काकींनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत नजर फिरवली. खाटेखालीही वाकून पाहिलं.

"एही हरे का लइका?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, हाँ, यही.

उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक जण आपापल्या भाषेत बरोबरच बोलत होता. आईने बाजारातला सगळा संवाद सांगितला. काकींनी तिला त्या म्हातारीचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, अगदी जसं ऐकलं तसं. आईने म्हटलं. काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या खाली फरशीवर बसल्या. म्हातारीने चिठ्ठी म्हटलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, "लइका के छट्ठी हे का?" बाळाची छट्ठी आहे का, म्हणजे आपल्याकडे सटवाई पूजतात तो विधी. किती दिवस झाले म्हणजे जन्मून. दूध पितो का म्हणजे आईचं. आणि पाच दिवसांचं वजन कमी असलेलं बाळ म्हटल्यावर तिने बाळंतिणीला द्यायचं उत्तम प्रतीचं सगळं काढून दिलं होतं. कांके-पाणी, सुंठेचे लाडू, कान बांधणं, गोरसी. नऊ दिवस माझं बाळंतपण चाललं होतं.

एका बाईने, आणलाच आहे तर, म्हणून काळा दोरा माझ्या मनगटाला बांधला.

आई हसली नाही. बायका गेल्यावर तिने काकींना मागे ठेवून घेतलं आणि हळू आवाजात काही विचारलं. मी टॉवेल सोडला होता, त्यामुळे ऐकू आलं. बाईमाणसाचं औषध पोराच्या पोटात गेलं, आता काही होणार तर नाही ना, मिशा वगैरे जाणार तर नाहीत. हे ऐकून मीही, बी.एस्सी. असून, वरच्या ओठावरून हात फिरवला. काकी म्हणाल्या, "दवई ला का पता दीदी, कोन खावत हे."

औषधाला काय ठाऊक कोण खातं आहे. माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासात एवढं स्पष्ट वाक्य कोणी बोललं नव्हतं.

त्यानंतर माझ्या खाण्यापिण्याचा कारभार काकींच्या हाती गेला. गोरसी त्यांनी पहिल्या दिवशीच विझवली. उन्हातान्हात पोराला भाजता का, म्हणाल्या. टॉवेलही गेला. कांके-पाणी दोनच वेळा, तेही आई करायची तसं काळं कडू नाही. आई मूठमूठ साल एकदम उकळत होती, म्हणजे पाच बाळंतिणींची मी एकटा पीत होतो. लाडू चालू ठेवले. सकाळी शेतकऱ्यासारखं चालून यायचं, म्हणजे भूक लागेल.

आणि आस्कंद? आईने काकींना त्याचं झाड समजावून सांगितलं, कमरेएवढं, मऊ लव असलेली पानं, लाल बारीक फळ आणि त्यावर कागदासारखं पांघरूण. मला राहवलं नाही, मी प्रॅक्टिकलची वही आणून चित्र दाखवलं. त्या चित्राला मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. काकींनी चित्र पाहिलं, माझा हात धरला आणि मला मागच्या गल्लीत नेलं. ब्लॉकमधल्या चुलींची राख जिथे टाकत असत त्या ढिगाच्या कडेला ते झाड उभं होतं. एक नाही, सात-आठ. त्या ढिगावरून उडी मारून मी तीन वर्षं कॉलेजची बस पकडत आलो होतो. मग आईने मुळ्या खणल्या, धुतल्या, वाळवल्या, कुटल्या. दुधातली ती पूड चवीला घोड्याच्या तबेल्यासारखी लागायची, पण नाव बरोबर होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट औषध नव्हती. ब्लॉकमध्ये माझं नाव जच्चा, म्हणजे बाळंतीण, पडलं होतं. नळावर बायका आईला विचारायच्या, जच्चा ने खाया? लहान मुली माझ्याकडे बघून ओढणी तोंडात कोंबायच्या. वडीलसुद्धा पाळीवरून आले की दारातच विचारायचे, बाळबाळंतीण खुशाल आहेत ना. लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, मोठा लोखंडी काटा होता. दर आठवड्याला मी त्याच्या पारड्यात बसून वजन करून घ्यायचो. टालवाला दुसऱ्या पारड्यात मापं टाकत टाकत गिऱ्हाइकांना सांगायचा, हे लाकूड विकायला नाही, वाढायला ठेवलं आहे.

पंधराव्या दिवशी दीड किलो वाढलं होतं. आणि त्याच संध्याकाळी, दुर्गच्या कॉलेजातला माझा एक वर्गमित्र वैशाली नगरहून स्कूटरवर मुद्दाम आला. कोणाकडून तरी त्याला कळलं होतं. त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, मुलगा की मुलगी. तो गेल्यावर मी ताट सरकवलं आणि आईला सांगून टाकलं की आता पुरे, मी लाडू खाणार नाही, पाणी पिणार नाही, राहिलेलं दीड किलो वाढायचं तर डाळभातावर वाढेल.

वडील हात धूत होते. त्यांनी गंमत करणं त्या एका दिवसापुरतं बाजूला ठेवलं.

"हसतीन त हसू दे बाबू," ते म्हणाले. "क्वार्टर खाली करतानी कोणी हसाले नाही येनार."

मी ताट ओढून घेतलं. लाडू दोन होते, ते तीन झाले.

मेडिकलच्या आदल्या दिवशी टालावरचा काटा पावणेतीन किलो जास्त दाखवत होता. एक पाव कमी. टालवाल्याने मापं बदलून पाहिली, मला पारड्याच्या मध्ये बसवलं, कडेला बसवलं. पाव किलो कुठून मिळेना. मग तो म्हणाला की आमच्या धंद्यात एक सोपी युक्ती आहे, ओलं लाकूड जड भरतं, सकाळी पोटभर पाणी पिऊन जा. मी हे आईला सांगायला नको होतं. सकाळी तिने कांके-पाण्याचा तांब्या समोर ठेवला. एक संपला, तर दुसरा भरून तयार. काकी भिंतीवरून बघत होत्या, त्यांनीही एक पेला पुढे केला. घरून निघालो तेव्हा चालताना पोटातून आवाज येत होता.

मला हे पटत नव्हतं. एवढी वर्षं खोटं बोलू नकोस असं ज्या घरात ऐकलं त्याच घरातून मी पोटात दोन तांबे घेऊन सरकारी काट्यावर चढायला निघालो होतो. पण बसने एकेक खड्डा दाखवायला सुरुवात केली तशी ही तात्त्विक अडचण मागे पडली आणि दुसरी पुढे आली.

दवाखान्यात माझ्या आधी अकरा जण होते. पहिले चार जण होईपर्यंत मी बाकावर बसलो. पुढचे दोन होईपर्यंत उभा राहिलो. मग येरझारा घालायला लागलो. शेजारच्या उमेदवाराने विचारलं, घाबरलात का? मी मान हलवली, कारण बोलायची हिंमत नव्हती. कोपऱ्यात मोरी होती, तिच्या दाराकडे मी बघतसुद्धा नव्हतो. जे काही पोटात होतं त्यातला थेंबन् थेंब पाव किलोच्या हिशेबातला होता. वडील, क्वार्टर, काकींचा पेला, सगळं मी तिथे धरून उभा होतो.

माझा नंबर आला. आत गेलो तो कंपाउंडरने काट्याकडे न नेता माझ्या हातात एक बाटली दिली. आधी नमुना, मग वजन, असा क्रम होता. पहिल्या खेपेला कसा होता ते मला आठवेना. मी विचारलं, आधी वजन नाही का करता येणार? तो म्हणाला, साहेबांनी लावलेला क्रम आहे, आणि तुमच्या चेहऱ्यावरून मला वाटत नाही की तुम्हाला त्यात काही अडचण असेल.

मी बाटली भरली. आणि मग, काय सांगू, नुसती बाटली भरून थांबता येण्यासारखं ते नव्हतं. मोरीतून बाहेर आलो तेव्हा नोकरी गेली असं मी मनाशी म्हणालो. पण एक बरंही वाटलं. आता काट्यावर जो चढेल तो निव्वळ मीच असेन.

काट्यावर उभा राहिलो. डोळे मिटले नाहीत, मिटावेसे वाटले. काटा हलला, डुलला आणि हव्या त्या रेघेच्या किंचित पुढे जाऊन थांबला. दोन काट्यांत फरक असतो हे मी विज्ञानात शिकलो होतो, पण त्या दिवशी ते कळलं. टालवाला लाकूड विकताना नकळत किती पाव जास्त देत होता ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. वयस्क, शांत माणूस. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी पाहून त्यांनी भुवया वर केल्या. महिन्यात बरंच वाढवलंस, म्हणाले. मग फॉर्मवरच्या एका रकान्यावर पेन ठेवून त्यांनी हिंदीत विचारलं, मधल्या काळात काही औषधोपचार घेतला का?

कंपाउंडर बाजूलाच उभा होता आणि त्याचं बोलणं छत्तीसगढी वळणाचं होतं. कांके हा शब्द मी उच्चारला असता तर पुढचं सगळं त्याला न सांगता कळलं असतं, आणि मला याच लोकांबरोबर नोकरी करायची होती. मी म्हणालो, कुछ नहीं सर, घर का खाना. डॉक्टरांनी रकान्यात तीन इंग्रजी अक्षरं लिहिली आणि खाली शिक्का मारला, फिट.

घरी आलो तर आई आणि काकी दोघी पायरीवर बसून होत्या. कागद मी लांबूनच हलवला. आईने तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. वडील आतून आले आणि नळाखाली तोंड धुवायला गेले, जरा जास्तच वेळ. काकींनी माझा गाल ओढला. मग आईने, कधीचा राखून ठेवलेला असावा तसा, प्रश्न विचारला. डाक्टरनं इचारलं असंन ना, काय खाल्लं म्हणून?

मी हो म्हणालो. मग त्यांनी काय लिहून घेतलं? मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. खोटं सांगता आलं असतं. दोघींपैकी एकीलाही ते वाचता येणार नव्हतं. पण त्यामुळेच सांगता येईना. मी सांगितलं, इथे निल लिहिलं आहे. निल म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला लाज वाटली, मी म्हणालो काही घेतलं नाही, घरचं जेवण.

मी हिंदीत सांगितलं होतं, काकींनाही समजावं म्हणून. त्या आईकडे बघत होत्या. आईने कागदाची घडी केली, होती त्याच घडीवर, आणि म्हणाली, "मंग खोटं कुठं बोलला तू? घरचंच त होतं."

काकी म्हणाल्या, बरं झालं नाही सांगितलंस, नाही तर डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात खाट दिली असती. मग त्यांनी आईला विचारलं, डब्यात कांके उरली आहे का. पलीकडच्या ब्लॉकमध्ये एकीला नववा लागला होता.